एका पेटीत दोन साप

तंजावरला सर्वांत जवळचा मोठा विमानतळ तिरुचिरापल्लीचा, रस्त्याने पन्नास-पंचावन्न किलोमीटर. जुलै २०२३च्या अखेरीस तिथल्या कस्टम अधिकाऱ्यांनी क्वालालंपूरहून आलेल्या एका प्रवाशाची ट्रॉली बॅग उघडली, तेव्हा आतल्या भोके पाडलेल्या डब्यांत ४७ अजगर आणि दोन सरडे निघाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. जून २०२५मध्ये मुंबईतच थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाकडे ४७ विषारी साप निघाले, सोबत पाच कासवे. अशा बातम्यांत आकडा, किंमत आणि कलम छापून येते आणि बातमी तिथेच संपते. पण ही मागणी कोणाच्या तरी घरातून येते, आणि त्या घरात पोहोचलेला साप पुढची दहा-वीस वर्षे कुठे, कसा आणि कोणाबरोबर राहतो हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. त्यातला ‘कोणाबरोबर’ हा भाग सर्वांत दुर्लक्षित. एका काचपेटीत दोन साप ठेवले तर काय बिघडते, यावर साप पाळणाऱ्यांत दोन ठाम मते ऐकू येतात. एक म्हणते, मोठा लहानाला गिळेल. दुसरे म्हणते, वर्षानुवर्षे ठेवलेत, काही होत नाही. मला दोन्ही मते मुद्द्याच्या कडेकडेने जाणारी वाटतात. दोन साप एकत्र ठेवण्याचा खरा धोका हा, की त्यानंतर दोघांपैकी कोणाचे काय चालले आहे हे माणसाला कळेनासे होते.

कायद्याची बाजू आधी उरकून टाकू. नाग, घोणस, मण्यार, धामण, अजगर, मांडूळ हे आपले साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. ते घरी पाळता येत नाहीत, एकत्र नाहीत आणि वेगळेही नाहीत. परदेशी प्रजातींसाठी केंद्राने जून २०२०मध्ये स्वेच्छेने माहिती देण्याची मुभा दिली, २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारातल्या प्रजाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आणल्या, आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी त्यांची ऑनलाइन नोंदणी सक्तीची केली. बॉल पायथन त्या यादीत आहे, कॉर्न स्नेक साइट्समध्येच नाही. म्हणजे पुढची सगळी चर्चा नोंदणी केलेल्या किंवा नोंदणी न लागणाऱ्या परदेशी सापांची, आणि जप्ती किंवा सुटकेनंतर सरकारी वा संस्थांच्या ताब्यात काही दिवस राहणाऱ्या आपल्या सापांची आहे.

गिळण्याच्या भीतीत तथ्य आहे, पण ते सगळ्या सापांना सारखे लागू नाही. नागराजाचा आहारच मुख्यतः साप. मण्यार उंदीर-पालींबरोबर साप खाते, प्रसंगी मण्यारसुद्धा. अमेरिकेतले किंगस्नेक खडखड्या सापांच्या विषाला दाद न देता त्यांना गिळतात. दक्षिण आफ्रिकेच्या कलहारीत संशोधकांना एक मोठा नर केप कोब्रा दुसऱ्या नराला गिळताना सापडला, आणि जुन्या नोंदी चाळल्यावर नागांच्या इतर प्रजातींतही स्वजातिभक्षण आढळले. बॉल पायथनसारखा उंदीरखाऊ साप मात्र शेजाऱ्याला भक्ष्य समजून त्याच्या मागे लागत नाही. तिथे घोळ होतो तो जेवणाच्या वेळी. दोन सापांनी एकच उंदीर दोन टोकांनी धरला की दातांची ठेवण आड येते: दात मागे वळलेले, धरलेले सोडण्यासाठी नव्हे तर आत ओढण्यासाठी घडलेले. जबड्याची डावी बाजू पुढे सरकते, मग उजवी, पुन्हा डावी. मध्यावर दोन तोंडे भिडतात आणि ज्याचे डोके लहान त्याचे डोके उंदरासकट दुसऱ्याच्या घशात जाऊ लागते. बहुतेक वेळा एक जण माघार घेतो. घेतली नाही तर एक गुदमरतो, आणि पुष्कळदा गिळणाराही जगत नाही. खाऊ घालताना साप वेगळे काढावेत हा यावरचा नेहमीचा तोडगा. पण अंगाला उंदराचा वास असलेला साप तासाभराने परत पेटीत सोडला की तो वास दुसऱ्यासाठी जेवणाची सूचना ठरतो, आणि पोट भरलेल्या सापाची उचलठेव केली तर तो खाल्लेले ओकतो. या अपघातांचे एक बरे असते, ते दिसतात. सकाळी पेटीत दोनाऐवजी एकच साप असेल तर काय झाले ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

रोगांचे तसे नाही. बोआ आणि अजगरांत ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’ नावाचा आजार अनेक दशके संग्रहांचे संग्रह रिकामे करत होता. त्याच्यामागे विषाणू असावा असा अंदाज होता, पण तो हाती लागला २०१२मध्ये, अमेरिकी संशोधकांनी आजारी बोआंच्या ऊतींतले जनुकीय द्रव्य वाचले तेव्हा. या गटाला आज रेप्टारेनाव्हायरस म्हणतात. त्याची लबाडी अशी, की बोआ तो अंगात घेऊन महिनोन्‌महिने, वर्षेसुद्धा धडधाकट दिसू शकतो, खातो, कात टाकतो, पिल्लेही देतो; अजगराला मात्र तो लवकर मज्जासंस्थेत गाठतो, डोके वाकडे होते, उलटा पडलेला साप सुलटा होऊ शकत नाही. आता भूगोल पाहा. बोआ दक्षिण अमेरिकेचा, बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेचा. त्यांच्यामध्ये अटलांटिक महासागर आहे आणि निसर्गात त्यांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. ती गाठ काचपेटीत पडते. सापांच्या खवल्यांखाली राहणारी, मोहरीहून लहान काळी माईट हा विषाणू एका सापाकडून दुसऱ्याकडे नेत असावी असा संशय आहे. तिला तर शेजारची पेटीही पुरते, मग एकच पेटी असेल तर बोलायलाच नको. फेरलाव्हायरस हा आणखी एक विषाणू १९७०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या एका सर्पसंग्रहात साथीने साप मेले तेव्हा प्रथम लक्षात आला. बॉल पायथनच्या श्वसनमार्गाचा निडोव्हायरस २०१४मध्ये ओळखला गेला. क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस हा परजीवी जठराचे अस्तर जाड करतो, सापाच्या अंगाच्या मध्यावर उंचवटा येतो, खाल्लेले उलटून पडते. त्याच्यावर हमखास उपाय अजून नाही आणि साधी जंतुनाशके त्याच्या कवचाला फारसे काही करत नाहीत. एन्टअमीबा इन्व्हेडन्सचे वागणे आणखी उफराटे: कासवाच्या आतड्यात तो निमूटपणे राहतो आणि सापाच्या आतड्यात गेला की जीव घेतो. मुंबईच्या त्या बॅगेत साप आणि कासवे एकाच सामानात होती हे आठवले की बॅग पकडली जाणे हा गोष्टीचा शेवट का नसतो, ते कळते.

या रोगांना एक धागा जोडतो: लक्षणे उशिरा येतात, आणि आली तरी बारीक असतात. कुत्रा कण्हतो, गाय रवंथ सोडते, पोपट पिसे फुगवून बसतो. सापाला आवाज नाही, चेहऱ्यावर हावभाव नाहीत, दुखले म्हणून तो लंगडतही नाही. पाळणाऱ्याच्या हाती कळण्याच्या वाटा मोजक्याच: त्याने कधी खाल्ले, विष्ठा कधी आणि कशी झाली, कात अखंड निघाली की तुकड्यांत, वजन किती, खाल्लेले उलटले का. एका पेटीत एक साप असेल तर या पाच नोंदींवर पशुवैद्याला पुष्कळ काही सांगता येते. दोन ठेवले की यातल्या बहुतेक नोंदी एकमेकांत मिसळतात. कोपऱ्यात अर्धवट पचलेला उंदीर पडला आहे, तो कोणी टाकला? विष्ठा पातळ आहे, कोणाची? दोघांपैकी एकाने तीन आठवडे शौच केलेले नाही हे कळायला काही मार्गच उरत नाही. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. रुग्णागणिक वेगळी नोंद, आजार काय, उपचार काय, सोबत डोळ्याचे रंगीत चित्र. दोनशे वर्षांपूर्वी बोलत्या माणसाच्या बाबतीतही ही शिस्त लागली. मुक्या सापासाठी ती अधिकच लागणार.

यावर पहिला आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप अनुभवाचा असतो. आमचे साप पाच वर्षे एकत्र आहेत, ओरखडाही नाही, मग तुमचे विषाणू कुठे आहेत? याचे उत्तर तंजावरच्याच नावाने चालत आलेल्या एका औषधात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास इलाख्यात ‘तंजावरची गोळी’ सर्पदंशावरचा उतारा म्हणून नावाजलेली होती. तिच्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक होते. ज्याचे नाव आज घोणशीला इंग्रजीत आहे त्या पॅट्रिक रसेलने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर १७९६मध्ये मोठा ग्रंथ काढला, आणि या गोळीचीही तपासणी केली. सोमलाने सापाचे विष उतरत नाही हे आज शाळकरी पोरालाही सांगता येईल. मग तिची ख्याती झाली कशी? उघड आहे. चावणारा प्रत्येक साप विषारी नसतो, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी मारक मात्रा अंगात जातेच असे नाही. जे मुळातच वाचणार होते ते गोळी घेऊन वाचले आणि गावोगाव तिचे गुण सांगत फिरले. जे मेले ते सांगायला आले नाहीत. ‘आमचे साप एकत्र आहेत आणि ठीक आहेत’ या वाक्याचा साचा हाच आहे. ज्यांचे साप मेले त्यांनी पेटी विकून छंद सोडला, किंवा साप ‘अचानक’ मेला असे म्हणून पुढचा आणला. शवविच्छेदन किती जण करतात? ‘ठीक आहेत’ हे निदानही त्याच पेटीत पाहून केलेले, जिथे कोण ठीक आहे ते कळण्याच्या वाटा बंद झालेल्या असतात.

मराठी वाचकाला इथे नीलिमकुमार खैरे आठवतील. जानेवारी १९८०मध्ये पुण्यात ते काचेच्या केबिनमध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास बसले, एकही दंश न होता बाहेर आले, आणि पुढे कात्रजचे सर्पोद्यान त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. साप विनाकारण माणसावर धावून येत नाही, हे त्या प्रयोगाला दाखवायचे होते आणि त्याने ते दाखवले. पण बहात्तर सापांनी एकमेकांना काही केले नाही म्हणून साप एकत्र राहू शकतात, असा अर्थ त्यातून काढणे चूक आहे. तीन दिवस ही सापासाठी दोन जेवणांमधली वेळसुद्धा नव्हे. परजीवी पसरायला, वजन घटायला, कात अडकायला आठवडे आणि महिने लागतात, आणि त्या प्रयोगाचा तो प्रश्नच नव्हता.

दुसरा आक्षेप मात्र भारदस्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. साप एकलकोंडे असतात हे आपण पाठ केलेले वाक्य पूर्ण खरे नाही. कॅनडाच्या मॅनिटोबातल्या नार्सिस गावाजवळ चुनखडीच्या भेगांत हजारो गार्टर साप एकत्र हिवाळा काढतात. रुलॉन क्लार्क यांनी २००४मध्ये दाखवले, की एकाच वेतातल्या खडखड्या सापांच्या माद्या वेगवेगळ्या वाढवल्या तरी पुन्हा एकत्र आल्यावर परक्यांपेक्षा बहिणीजवळ बसतात. ऑन्टॅरिओतल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाच्या मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी २०२०मध्ये गार्टर सापांत ठरावीक सोबत्यांची ओढ नोंदवली. आणि २०२४मध्ये त्याच गटाने थेट बॉल पायथनवर काम केले, म्हणजे ज्याला सगळे जग एकटा समजत होते त्याच्यावर. लहान वयाच्या बॉल पायथनांचे गट करून ठेवले, निवारे पुरेसे दिले, तरी ते बराच वेळ एकाच निवाऱ्यात गोळा होऊन राहिले. हे निष्कर्ष मला महत्त्वाचे वाटतात. सापाला सोबत कळते. कदाचित ती हवीहवीशीही वाटते. पण या प्रयोगांनी काय तपासले तेही पाहिले पाहिजे. आरोग्य माहीत असलेले, एकाच वयाचे, एकाच आकाराचे साप, प्रत्येक सापाची ओळख पटवण्याची सोय, सतत निरीक्षण, आणि काही दिवसांची मुदत. म्हणजे जे घरातल्या पेटीत हरवते, नेमके तेच तिथे राखलेले होते. शिवाय नार्सिसचा गार्टर वसंतात बाहेर पडतो आणि मैलोन्‌मैल दूर निघून जातो. सोबत सोडून जाण्याची मोकळीक हा त्या सामाजिकतेचा अर्धा भाग आहे. पेटीत तो अर्धा भाग नसतो, आणि तो नसताना जवळ बसलेले दोन साप एकमेकांना आवडतात की दोघांनाही तीच जागा हवी आहे हे वरून पाहून सांगता येत नाही.

जागेचा हा मुद्दा तंजावरमध्ये वेगळे रूप घेतो. परदेशी पुस्तके थंड देशांतली. त्यांत दिव्याखालच्या उबदार कोपऱ्यावरून होणारी चढाओढ वर्णिलेली असते: मोठा साप तिथे पसरतो, लहान थंड बाजूला राहतो, त्याचे पचन मंदावते, प्रतिकारशक्ती उतरते. सापाचे शरीर उष्णता बाहेरून घेते, त्यामुळे जागा गमावणे म्हणजे त्याच्यासाठी जेवण आणि औषध दोन्ही गमावणे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात एप्रिल-मेमध्ये मात्र खोलीच तेवढी तापते, जेवढी बॉल पायथनच्या पेटीची उबदार बाजू असायला हवी. तिथे दुर्मिळ असते ती थंड, ओलसर जागा, म्हणजे पाण्याचे भांडे आणि ओल्या शेवाळाचा एकुलता एक डबा. एक साप त्यात वेटोळे घालून बसला की दुसऱ्याला उन्हाळाभर तापलेली काच. कात टाकण्याच्या सुमारास ओल मिळाली नाही तर ती तुकड्यांत निघते, डोळ्यावरची चकती अडकून राहते. वेटोळ्यावर वेटोळे घालून बसलेल्या दोघांचा फोटो काढणाऱ्याला यातले काही दिसत नाही. नर-मादी एकत्र असतील तर आणखी एक हिशेब वाढतो. मादी नराचे शुक्राणू महिनोन्‌महिने साठवू शकते, आणि वयात येता येताच अंडी धरलेली लहान मादी अंडी अडकून मरू शकते. दुकानदाराने ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हटले होते हे मग कामाला येत नाही.

उद्याने आणि संस्था साप एकत्र ठेवतात, मग घरच्याला बंदी का, असेही विचारले जाते. चेन्नईच्या गिंडी सर्पोद्यानात किंवा कात्रजला खुल्या खंदकात धामणी किंवा दिवड एकत्र पाहिलेल्या माणसाला हे सुचणे स्वाभाविक आहे. तिथे जागा मोठी असते, लपायला अनेक ठिकाणे असतात, पशुवैद्य असतो, नवा साप थेट आत न सोडण्याची पद्धत असते. आणि एवढे असूनही अशा खंदकांत एखाद्या सापाचे काय झाले हे उशिरा कळते, हा त्यांचा दोषच आहे, आदर्श नव्हे. चेन्नईजवळ वडनेम्मेली इथली, १९७८मध्ये स्थापन झालेली इरुळा सर्पपकड सहकारी संस्था जास्त शिकवते. भारतात सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा हीच संस्था पुरवते. तिथे नाग, मण्यार, घोणस, फुरसे मातीच्या मडक्यांत, तोंडाला कापड बांधून ठेवतात. सुमारे तीन आठवडे, तेवढ्यात चार वेळा विष काढायचे, मग पोटाच्या खवल्यावर खूण करून जंगलात सोडायचे. पिढ्यान्‌पिढ्या सापांवर जगलेल्या या लोकांनी काचेचा महाल बांधला नाही. मडके, मुदत आणि खूण या तिन्हींतून सापाचा हिशेब राहतो. साप वेगळा ठेवायचा म्हणजे बुटाच्या खोक्यात ठेवायचा, असा मात्र याचा अर्थ नाही. एकट्या सापालाही लांब होण्याइतकी जागा, चढायला फांदी, दोन तापमानांचे दोन निवारे लागतात, आणि हे परवडत नसेल तर दुसरा साप आणण्याचा विचारच कशाला? नवा साप आणलाच तर तो वेगळ्या खोलीत तीन महिने ठेवावा, त्याचे चिमटे-भांडी वेगळी असावीत आणि हात त्याला सर्वांत शेवटी लावावा, हे अनुभवी लोक सांगतात ते याचसाठी.

हे सगळे पेटीच्या आतले. पेटीबाहेर काय होते याचे उदाहरण फ्लोरिडात आहे. तिथे पाळीव व्यापारातून सुटलेल्या बर्मी अजगरांबरोबर आग्नेय आशियातला रेलिएटिएला ओरिएंटालिस हा फुप्फुसातला परजीवी आला, आणि आता तो तिथल्या स्थानिक सापांत पसरला आहे. ज्यांनी अजगर कधी पाहिलाही नाही अशा सापांतही. भारतात अशी साथ आलीच पाहिजे असे नाही. पण येण्याची वाट तयार आहे, आणि ती हौशी माणसाच्या दिवाणखान्यातून जाते तशी सरकारी गोदामातूनही जाते. ठाण्यापासून सोलापूरपर्यंत मांडुळाच्या तस्करीच्या बातम्या वर्षभर येतात. दुतोंड्या म्हणून, गुप्तधन दाखवतो म्हणून, वजनावर लाखांचे भाव सांगितले जातात. तस्कराच्या पोतडीत चार जिल्ह्यांतून गोळा केलेली मांडुळे एकत्र कोंबलेली असतात, जप्तीनंतर मुद्देमाल म्हणून ती कधी एकाच ड्रममध्ये राहतात, आणि कोर्टाचा हुकूम आला की एकाच माळरानावर सुटतात. एकाच्या अंगात काही असेल तर ते सगळ्यांबरोबर त्या माळावर जाते. ताब्यात आलेल्या प्रत्येक मांडुळाला वेगळी कापडी पिशवी, तिच्यावर पकडल्याच्या जागेची चिठ्ठी आणि सोडण्याआधी वजन व विष्ठेची एक तपासणी, एवढे वनविभागाला आजही करता येईल. कापडी पिशवीला फार पैसे पडत नाहीत.